हातांचा उपास

“कुठंय भोक?” डॉक्टरीण म्हणाली, आणि मी ओशाळले. कुणाला घरी जेवायला बोलवावं आणि ते आल्यावर दाराला कुलूप असावं, तसं काहीतरी. मी कुशीवर पडले होते, बरगड्यांवर तो गार बुळबुळीत लेप होता, आणि ती पडद्याकडे बघत माझ्या छातीवरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत होती. प्लास्टरची धूळ आणि रेझिनचा वास रोज छातीत भरून घेणाऱ्यांची एकदा तपासणी व्हावी, असं या वर्षी आमच्या कार्यशाळेत कुणाच्या तरी डोक्यात आलं, म्हणून आम्हाला आळीपाळीने शेजारच्या इस्पितळात धाडत होते. मी तिला आल्या आल्या सांगितलं होतं, माझ्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. मी ते असंच सांगते, आडनाव सांगतात त्या सुरात. शाळेत खेळाच्या तासाला सांगितलं, पहिल्या नोकरीत सांगितलं, आणि ज्या दोघातिघांनी माझ्याशी लग्न करायचा विचार केला त्यांना तर चहा यायच्या आधीच सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली आणि विश्वास ठेवला. आत बघणारी ही पहिलीच.

“ताई, भोक नाहीये,” ती म्हणाली. “असेल कधीतरी. ही इथे जाडसर रेघ दिसते ना, तिथे ते बंद झालंय. पुष्कळ मुलांचं होतं आपोआप. तुम्ही शाळेत जायला लागायच्या सुमारासच झालं असणार. केव्हाच बऱ्या झालात की तुम्ही.”

“काय झाले?”

“बऱ्या.”

“म्हणजे बरी झाले, असं? की बरं आहे, चाललंय, तसलं बरं?”

ती हसली. वयाने माझ्या भाचीएवढी असेल, मला भाची असती तर. “बरी. पूर्ण बरी. लिहून देऊ का?”

“लिहून नको. परत एकदा म्हणा फक्त.”

तिने म्हटलं. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आवाज जरा चढवतात तसा चढवून म्हटलं, आणि पुसायला कागद दिला. मी छाती पुसली, ब्लाउजची बटणं लावली, ती एक घर चुकून लागली आहेत हे मला जिन्यात कळलं. तिथेच भिंतीला टेकून मी ती पुन्हा लावत बसले. बरी. आमच्या भाषेत या शब्दाइतका लेचापेचा शब्द दुसरा नसेल. भाजी कशी झाली? बरी. सून कशी आहे? बरी आहे, म्हणजे बोलू नका. रोज उठून जो तो ज्याला त्याला सांगतो, मी बरा आहे, आणि ऐकणारा ऐकतही नाही. आणि असल्या या शब्दाला माझ्या बापाने आपले दोन्ही हात जन्मभर टांगून ठेवले होते.

खरं तर तडक घरी जायला हवं होतं. पण कार्यशाळेत एक जण माझी वाट बघत बसला होता, बसवरचा जुना ड्रायव्हर, गुडघ्याखालून पाय गेलेला. आम्ही नकली पाय बनवतो. मापाचा साचा घेणं हे माझं काम. उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवायचा, हाडं जिथे वर येतात तिथे पेन्सिलीने खुणा करायच्या, मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि ते घट्ट होईपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबून धरून बसायचं. अजिबात हलायचं नाही. हात हलला की साचा खोटा निघतो, आणि तो खोटेपणा त्या माणसाला पुढे पावलोपावली चावतो. “आता बरंय,” ड्रायव्हर म्हणाला, “मोजे धुवायला निम्मेच.” हे तो प्रत्येक वेळी म्हणतो, आणि मी प्रत्येक वेळी हसते. आज हसायचं राहून गेलं तर त्याने खाली वाकून माझं तोंड बघितलं. “काय हो बाई, डॉक्टरने काही वाईट सांगितलं का?” मी म्हटलं, “नाही. चांगलंच सांगितलं.” “मग रडताय कशाला?” म्हणाला. हात गुंतलेले होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं. आधी गार चिखल असतो, मग हळूहळू तळव्याखाली ऊब उगवते, आजारी पोराच्या अंगासारखी. बाबांना हे आवडलं असतं. पदार्थांचे असले गुण त्यांना फार आवडत. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानातून जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. त्यांच्याजवळ मखमलीचं अस्तर असलेली एक लाकडी पेटी होती, तिच्यात पितळेची प्रमाण वजनं, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. त्या वजनांना उघड्या हाताने शिवायचं नाही असा नियम. बोटांचा घाम लागतो आणि खरं वजन खोटं होतं. बाबा ती फडक्याने उचलायचे, छोटी चिमट्याने. मी जन्मले ती इतकी लहान की त्यांनी माझं नाव ठेवलं पावशेर. दारुडेही तोच शब्द वापरतात म्हणून आई वैतागायची. चारचौघांत ‘पावशेर कुठाय माझी’ असं ओरडत जाऊ नका, म्हणायची. चर्चच्या दारात तर नकोच नको.

आणि रविवारी त्याच चर्चमागच्या खोलीत ते मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. पवित्र होणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. देहाला वळण लावायचं. मारायचं नाही, उपाशी ठेवून सुकवायचं नाही, वळण लावायचं, घरातल्या लहान मुलाला लावतात तसं. डोळ्यांना वळण, जिभेला वळण, कानाला, नाकाला, हाताला. ते आम्हाला एकेक संत्रं सोलायला लावायचे आणि भजन संपेपर्यंत समोर ठेवायला सांगायचे. वास येऊ दे, म्हणायचे, वास ही देवाची देणगी, फक्त हात मांडीवर. एकदा साखरेचे खडे वाटले. जिभेवर ठेवायचा आणि चोखायचा नाही. “पण सर, तो विरघळतोच!” एक जण ओरडला, लाळ गाळत. बाबा इतके हसले की चष्मा काढावा लागला. “विरघळू दे की,” म्हणाले. “तू ओढला नाहीस ना? मग झालं. आपण ओढायचं नाही. आपोआप आलेलं गोड देवाचं असतं.” लोकांना वाटतं असली माणसं आंबट तोंडाची असतात. माझे बाबा तसे नव्हते. जेवताना पहिला घास ते मिठाशिवाय घ्यायचे, आणि दुसरा घास तोंडात गेला की त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. मीठ मला त्यांच्यामुळे कळलं, हे मी आजही सांगेन.

मग मी निळी पडले. मला यातलं काही आठवत नाही, आईने सांगितलं तेवढंच माझं. मी चार वर्षांची होईपर्यंत बाबांनी माझे पाय जमिनीला लागू दिले नव्हते, इतकं कडेवर घेऊन फिरायचे. दाढी करतानासुद्धा एका हातावर मी. एका दुपारी मी खेळता खेळता खाली बसले आणि ओठ, नखं, सगळं शाईसारखं झालं. इस्पितळात डॉक्टरांनी कान लावून ऐकलं आणि हृदयाला भोक असल्याचं सांगितलं, काही खरं नाही म्हणाले. बाबा बाहेर जाऊन बाकावर बसले. आई म्हणायची, देवाला काय वाहता येईल म्हणून तिथे त्यांनी स्वतःची झडती घेतली. जीभ? ती तर वळणावर होती, तिच्यातलं काय देणार. डोळे, कान, तेही फारसे अडत नव्हते. ज्याच्यावाचून चालणार नाही असं एकच होतं. मग ते आत येऊन कॉटपासून हातभर लांब उभे राहिले आणि आईला म्हणाले, “मी शब्द दिलाय. ही बरी होईपर्यंत माझ्या हातांचा उपास. हिला हात लावणार नाही.”  आईला वाटलं, आठवडाभराचं असेल.

मी जगले. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. आई आनंदाने रडली आणि मला उचलून बाबांकडे धरलं, घ्या, घ्या म्हणाली. बाबांचे हात पुढे आले होते, हे ती पक्कं सांगायची. मग मागे गेले. “बरी झाली म्हणाले का?” त्यांनी विचारलं. “काळजी नको म्हणाले. बरी म्हणाले नाहीत.” “मग विचारा ना त्यांना!” “मी विचारायचं नाही. माझं मन तिकडे झुकलेलं आहे. मी विचारलं की ते भिडेने हो म्हणतील. ते काट्यावर अंगठा ठेवल्यासारखंच.” आई फादरांकडे गेली. फादर चांगले होते बिचारे, त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं की तुमच्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं करतो, तो अधिकार मला आहे. बाबांनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, आभार मानले आणि म्हणाले, “पण फादर, पोरीला जगवलंय ते तुम्ही नाही.”  पुढे ते डॉक्टर गाव सोडून गेले, दुसरे आले ते जुन्या कागदावरचं वाचून मान हलवायचे, आणि मोठी झाल्यावर मी तपासणीला जाणंच सोडून दिलं. भीती वाटायची. नाही म्हणाले तर, ही एक. आणि बरी म्हणाले आणि तरीही बाबांचे हात आले नाहीत तर, ही दुसरी. ती जास्त मोठी होती.

“बाई, झालं वाटतं,” ड्रायव्हर म्हणाला. प्लास्टर केव्हाच घट्ट झालं होतं, मी मात्र अजून धरूनच होते. मी साचा कापून उतरवला, आत बोट फिरवून बघितलं. चांगला निघाला होता. साहेबांना सांगून लवकर सुटले. बाहेर पडले तर रस्त्यावर नेहमीचीच दुपार, गॅरेजवाल्याची ठोकाठोक, कुणीतरी बाल्कनीतून गादी झटकत होतं. सिग्नलपाशी एक बाप मुलीचं मनगट पकडून उभा होता, पोरगी नुसती ओढ घेत होती, सुटायला बघत होती. मी रस्ता असा नाही ओलांडला कधी. बाबांच्या हातात कायम छत्री असायची, उन्हातही. मिटलेल्या छत्रीचं टोक त्यांच्या मुठीत, वळलेली मूठ माझ्या हातात, अशी आम्ही वरात काढायचो. गाड्या आल्या की छत्रीला एक झटका बसे, म्हणजे थांब. दोन झटके, चल. शाळेतल्या मुली हसायच्या. मला त्या छत्रीच्या लाकडाची आतली शीर न् शीर पाठ आहे. त्या टोकाकडून येणारी त्यांची धडधडही कळायची मला, किंवा मला तसं वाटायचं.

ताप आला की आई मधे असायची. बाबा दारातून विचारायचे, “किती?” आई माझ्या कपाळावर तळवा ठेवायची, दाबून, नीट, आणि तसाच उठून जाऊन तो बाबांच्या गालावर ठेवायची. “एवढा,” म्हणायची. बाबा डोळे मिटून तो तळवा गालावर असू द्यायचे. हे त्यांनी चालवून घेतलं, कारण ते माप होतं. खुर्चीचं मात्र चाललं नाही. मी आठवी-नववीत असेन. अभ्यास करून उठले, पाणी प्यायला आत गेले, परत आले तर बाबा माझ्या खुर्चीशी वाकलेले. मी बसले होते तिथे, लाकडावर, त्यांनी तळहात पसरून ठेवला होता, आणि चेहरा दुसऱ्या घासाच्या वेळी व्हायचा तसा. मी आवाज न करता मागे सरले. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम जास्त वेळ बसायला लागले. पाय आखडले तरी बसून राहायची, खुर्ची तापवत. उठायची आणि उगीचच स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायची. आईला वाटायचं पोरगी फार अभ्यासू निघाली. मग एका शनिवारी बाबा पापाची कबुली द्यायला गेले, आणि आल्यावर मी खुर्चीतून उठले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हे ओढून घेतलेलं होतं, असं त्यांच्या लक्षात आलं असणार. त्या संध्याकाळी मी देवावर जेवढी चिडले तेवढी पुन्हा कधी चिडले नाही. लाकडाची ऊब तेवढी. तीही मोजून घेतली मेल्याने.

आई गेली तेव्हा आम्ही शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होतो. लोक येऊन बाबांना मिठी मारत होते, मला मारत होते. ओलांडायला एवढंसं अंतर होतं, आणि मधे आई. तेव्हाही मधेच होती.

आता बाबांचं डोकं गेलंय. आधी चाव्या गेल्या, मग दिवस गेले, मग आई गेली आहे हे गेलं. मग प्रार्थना गेल्या. ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या पोरांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ शिकवलं त्याच्यासमोर मी ते म्हटलं तर विचारतो, कोण बापा? भिंतीवरच्या क्रूसाकडे बघून एकदा म्हणाले, हे कुणाचं लाकूड इथे ठोकलंय. मी त्या दिवशी क्रूस काढून माझ्या खोलीत नेला, म्हटलं आता त्या क्रूसावरच्याला हे बघवायचं नाही. पण देहाचं वळण जात नाही. पहिला घास अजून अळणीच लागतो. चर्चची घंटा वाजली की बोलता बोलता शब्द अर्धा सोडून थांबतात, कुणासाठी थांबलो ते माहीत नसतं, थांबतात. आणि मी खोलीत शिरले की त्यांचे हात मांड्यांखाली जातात. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींचा हात ते घट्ट धरून बसतात, मावशी त्यांना आंघोळ घालतात, केस विंचरतात, चालवतात, सगळं चालतं. दूधवाल्याशी हस्तांदोलन करतात. फक्त मी आले की हात आत. नाव विचारलं तर सांगता येत नाही, ही कोण असं मावशींनी विचारलं तर कसनुसं हसतात, ‘असतील कुणी तरी, चांगल्या घरच्या दिसतात’ म्हणतात. पण हातांना माहीत आहे. साऱ्या जगात हे हात ज्या एकीपासून मागे जातात ती मी. मी रोज कामावरून येऊन दारात उभी राहते आणि ते हात मांड्यांखाली जाताना बघते, आणि मला बरं वाटतं. दुसरी मुलगी गळ्यात पडून बापाला भेटते, मी अशी भेटते. याचं कुणी हसू केलं तरी माझी हरकत नाही.

जिना चढताना मी घोकत होते. बाबा, मी बरी झाले. बाबा, मी बरी झाले. एवढंच म्हणायचं. आत कुठे खोल तो शब्द अजून उपाशी बसला असेल तर त्याला ऐकू जाईल. हात अजून विसरलेले नाहीत, तर त्यांना सोडवता येईल. आणि मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवीन, या वयात, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या केसांसकट, आणि ते माझ्या केसांवर हात ठेवतील. मला दुसरं काही नको होतं, कधीच नको होतं.

मावशी निघायच्या तयारीत होत्या. “आज लवकर?” म्हणाल्या. “अंडं खाल्लं शहाण्यासारखं. पहिला तुकडा मात्र मीठ झटकूनच. मी म्हटलं आजोबा, डॉक्टरांनी नाही हो बंद केलं मीठ, तर म्हणाले, डॉक्टरांना काय कळतं.” त्यांनी चपला घातल्या. “जाते हं आजोबा,” असं म्हणून त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि गेल्या. बाबा खिडकीजवळ खुर्चीत होते. मी दोन पावलं पुढे गेले आणि हात मांड्यांखाली गेले.

“बाबा,” मी म्हणाले. ते माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत होते. परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, हेही वळणच. “मी इस्पितळात गेले होते. डॉक्टरांनी मशीनवर बघितलं. ती बरी झाली.”

‘मी’ म्हणायचं ठरलं होतं. इतका वेळ घोकलं होतं. तोंडात ‘ती’ कशी आली कुणास ठाऊक.

“कोण?” बाबा म्हणाले.

“तुमची मुलगी.”

 खाली गॅरेजमध्ये ठोकाठोक चालली होती. मला वाटलं आता विसरले, आता ते हवापाण्याचं काहीतरी विचारतील.

“पावशेर?”

हा शब्द मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी खिडकीची चौकट धरली. “हो,” म्हटलं. “पावशेर.”

“बरी म्हणाले?” त्यांनी मान वर केली. डोळ्यांत एकदम ती जुनी धार आली, दुकानदाराच्या काट्याकडे बघताना यायची ती. “की काळजी नको म्हणाले?”

“बरी म्हणाले. पूर्ण बरी.”

“तुम्ही विचारलंत, की ते आपणहून म्हणाले?”

“आपणहून,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पहिल्यांदा ती आपणहूनच म्हणाली होती.

बाबांनी हात बाहेर काढले. एकदम नाही. आधी एक, मग दुसरा, मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते पुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

मी कल्पना केली होती तसे नव्हते ते. मला ते मोठे वाटायचे. ते लहान होते, कोरडे, हलके, अंगठ्याच्या बुडाशी एक घट्टा होता तो मला कधीच माहीत नव्हता. माझ्या हातांवर प्लास्टरने भेगा पडल्या आहेत, त्या त्यांना टोचत असतील असं वाटून मी मागे घ्यायला गेले तर त्यांनी सोडले नाहीत. ते गरम होते. हळूहळू तापत होते. मी हलले नाही, श्वासही घेतला नसेल. त्यांनी माझे हात उचलून आपल्या कपाळाला लावले, डोळ्यांना लावले, आणि माझी बोटं ओली झाली.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचे फार उपकार झाले. कोण कुठल्या तुम्ही, एवढं सांगायला धावत आलात.”

“बाबा, मीच आहे. मीच पावशेर.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे, वळण विसरून. करड्या केसांची, चष्मा लावलेली, ब्लाउजवर प्लास्टरचे डाग पडलेली एक बाई त्यांना दिसली असणार. ते हसले, लहान मुलाच्या बावळट बोलण्यावर हसतात तसे, समजून घेत. “काय थट्टा करता म्हाताऱ्याची,” म्हणाले. “ती एवढीशी आहे हो.” आणि माझा एक हात सोडून त्यांनी जमिनीपासून उंची दाखवली. गुडघ्याच्या जरा वर.

हात इतके दिवस मागे जात होते ते मला ओळखत होते म्हणून. आता पुढे आले होते. एवढं मला कळलं, आणि तरी मी उरलेला हात घट्ट धरून ठेवला, माणसाने किती हावरं असावं. तळव्याखाली त्यांची नाडी लागत होती. छत्रीतून यायची तशीच.

“सोडा आता, बाई,” बाबा म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. “ती धावत येईल. हात रिकामे हवेत मला.”

मी सोडला. त्यांनी खुर्चीत पुढे सरकून दोन्ही हात पसरले, खाली, चार वर्षांच्या मुलीला सोपं पडेल इतके खाली, आणि दाराकडे बघत बसले. मी त्यांच्या आणि दाराच्या मधे उभी होते, म्हणून बाजूला सरकले.